उड्डाणपुलाखालील व्यक्ती मानसिक संकटात असताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य मुंबईतील एका उड्डाणपुलाखाली सुमारे वर्षभर राहणारे, पन्नाशीच्या आसपासचे एक गृहस्थ गेल्या आठ-दहा दिवसांत एकाएकी बदलले आहेत. ते रात्रभर ओरडतात, जेवण नाकारतात आणि दोनदा धावत्या गाड्यांसमोर आले. आपल्या सोसायटीतील काही जणांचे म्हणणे आहे की त्यांना कोणाला तरी सांगून उचलून न्यावे. पोलीस ठाण्यात आपल्याला ‘आधी नातेवाईक शोधा’ असे उत्तर मिळाले. अशा वेळी कोणाला बोलवावे, कायदा काय सांगतो, आपण स्वतः किती पुढे जावे आणि त्यांना पैसे किंवा जेवण देत राहावे का, हे आपण विचारले आहे. मी मुंबईत मनोविकारांच्या क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ती म्हणून दीर्घकाळ काम करत आले आहे आणि त्या आधारावर सविस्तर लिहीत आहे.

आपल्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाचा तपशील म्हणजे हा बदल किती दिवसांत झाला, हा आहे. स्किझोफ्रेनियासारखा जुना आजार असलेली व्यक्ती महिनोन्‌महिने एका जागी स्वतःशी बोलत बसते, तिची एक दिनचर्या ठरलेली असते आणि परिसराला ती परिचित झालेली असते. पण आजवर स्थिर असलेली व्यक्ती काही दिवसांतच भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर मनाच्या आजाराआधी शरीराची तपासणी व्हायला हवी. पावसाळ्यातील मलेरिया, डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचलेला क्षयरोग, रक्तातील साखर फार खाली किंवा फार वर जाणे, उपाशीपोटी राहिल्याने झालेली जीवनसत्त्वांची कमतरता, यांपैकी कशानेही माणूस असंबद्ध बोलू लागतो. डोक्याला मार लागून आत हळूहळू साचणाऱ्या रक्ताची लक्षणे तर कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात आणि तोवर तो पडला होता हे कोणाच्या लक्षातही नसते. दारूचाही विचार करावा. रोज पिणाऱ्या व्यक्तीची दारू पैसे संपल्याने, आजारपणाने किंवा कोणी कळकळीने सोडायला लावल्याने अचानक बंद झाली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम सुटणे, झोप उडणे आणि समोर नसलेली माणसे किंवा प्राणी दिसणे सुरू होऊ शकते. ही अवस्था उपचारांविना जिवावर बेतते. परिसरात ज्यांना सरसकट ‘गर्दुल्ला’ म्हणून बाजूला टाकले जाते, त्यांच्यातील कित्येकांना त्या क्षणी सलाईन, जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि ताप उतरवणारे उपचार यांचीच निकड असते.

ओळखण्याची ढोबळ खूण सांगते. सकाळी बरा वाटणारा आणि संध्याकाळी कोणालाच न ओळखणारा, दिवस आहे की रात्र याचे भान नसलेला, अंग तापलेला, हवेत काही तरी चिमटीत पकडू पाहणारा माणूस शारीरिक आजाराने भ्रमिष्ट झालेला असण्याची शक्यता मोठी असते. निव्वळ मनोविकारात माणसाला बहुधा आपण कुठे आहोत हे कळत असते. त्याचा त्या जागेविषयीचा अर्थ वेगळा असतो. ही खूण निदान करण्याइतकी पक्की नाही, पण कुठे न्यायचे हे ठरवायला पुरेशी आहे. म्हणूनच त्यांना थेट ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेण्याचा आग्रह धरू नका. 1901 साली सुरू झालेले ते प्रादेशिक मनोरुग्णालय आणि पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील तशीच रुग्णालये दीर्घ मनोविकारांसाठी आहेत. आपल्या गृहस्थांना आधी 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने जवळच्या सर्वसाधारण सार्वजनिक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्यावे. केईएम, सायन, नायर, जेजे किंवा कूपर यांसारख्या रुग्णालयांत वैद्यकशास्त्र विभाग आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात असल्याने दोन्ही बाजूंची तपासणी तिथे होऊ शकते.

रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ कसा जातो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. आपण लिहिले आहे की कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याच्या हातून ते अजूनही चहा घेतात. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील ही सर्वांत आशादायक ओळ आहे. पुढची सगळी बोलणी त्या टपरीवाल्यानेच करावीत. आपण, रुग्णवाहिकेतील डॉक्टर आणि पोलीस यांनी टपरीवाल्याच्या मागे राहावे. बोलणारी व्यक्ती एकच असावी. समोर उभे न राहता थोडे बाजूला, दोन-तीन हातांच्या अंतरावर आणि त्यांच्या पातळीवर उकिडवे बसावे. मात्र स्वतःला मागे सरकायला वाट मोकळी ठेवावी आणि त्यांनाही. रस्त्याकडची बाजू आपल्या माणसांनी अडवावी, म्हणजे ते घाबरून उठले तरी गाड्यांकडे धावणार नाहीत. ‘भाऊ’, ‘काका’, त्यांना त्या परिसरात ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने बोलावे. मराठी कळत नसेल तर हिंदी, आणि तेही नसेल तर त्यांची भाषा बोलणारा शेजारपाजारचा एखादा कामगार सापडतो का ते पाहावे. मुंबईत तेलुगू, बंगाली किंवा ओडिया बोलणारा माणूस शोधायला फारसा वेळ लागत नाही, आणि अनेक महिन्यांनी आपली भाषा ऐकलेला माणूस किती लवकर निवळतो हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

ते जे सांगत आहेत ते खोटे आहे असे पटवू नये आणि खरे आहे असेही भासवू नये. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला फार त्रास होतोय हे दिसतंय. किती दिवस झोप नाही?’ एवढे पुरते. झोप, भूक आणि अंगदुखी या तीन गोष्टींविषयी बोलायला बहुतेक जण तयार होतात, आणि ‘डॉक्टरकडे चला’ यापेक्षा ‘पायाची जखम दाखवून येऊ’ हे त्यांना लवकर पटते. मात्र जखम दाखवायची म्हणून फसवून नेऊ नये. जखम खरोखर असेल आणि ती खरोखर दाखवली जाणार असेल, तरच तसे म्हणावे. एकदा फसवला गेलेला माणूस पुढच्या वेळी कोणत्याही रुग्णवाहिकेजवळ येत नाही. पाणी द्यायचे तर झाकण न उघडलेली बाटली द्यावी, कारण विष घातल्याचा संशय ही या अवस्थेतील नेहमीची भीती आहे आणि त्यांनी जेवण नाकारण्यामागेही कदाचित तीच असेल. त्यांना न सांगता त्यांच्या गाठोड्याला हात लावू नये. मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांना प्रेमाने किंवा रागाने, जसे जमेल तसे, दूर करावे. बांधण्यासाठी दोरी आणणारा एक उत्साही गृहस्थ प्रत्येक गर्दीत असतो. त्याला आधी काही तरी काम देऊन दुसरीकडे पाठवावे.

ते गाड्यांसमोर आले, हे भान हरपल्यामुळे की मरण्याच्या इच्छेने, हे त्यांनाच विचारावे. ‘तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार नव्याने मनात शिरत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्यांना क्षणभरही एकटे सोडू नये आणि ही गोष्ट डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत सांगावी. पोलिसांत गुन्हा दाखल होईल या भीतीने ती लपवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे ही शासनाची जबाबदारी ठरते. आपल्याला त्या क्षणी काय बोलावे हे सुचत नसेल, तर 14416 या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. बेघर व्यक्तीकडे फोन नसला तरी तिच्याजवळ बसलेल्या आपल्याकडे तो असतो.

आता पोलिसांविषयी. ‘नातेवाईक शोधा’ हे आपल्याला मिळालेले उत्तर कायद्याला धरून नाही. वर उल्लेखिलेल्या कायद्याचे कलम 100 स्पष्ट आहे. पोलीस ठाण्याच्या हद्दीत भटकत असलेली एखादी व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे, किंवा त्या आजारामुळे तिच्यापासून तिला स्वतःला अथवा इतरांना धोका आहे, असे मानण्यास कारण असेल, तर तिला संरक्षणात घेणे हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. तिला कोठडीत ठेवता येत नाही. व्यक्ती बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीविषयी प्रथम खबर अहवाल नोंदवून कुटुंबाचा शोध घेण्याचे कामही त्याच ठाण्याचे आहे. म्हणजे नातेवाईक शोधणे ही उपचारांची पूर्वअट नसून पोलिसांच्या कामाचाच पुढचा भाग आहे. 1987 च्या जुन्या कायद्यात अशा व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागे, आणि ‘कोर्टाची ऑर्डर लागेल’ हे वाक्य आजही त्या सवयीतून ऐकू येते. नव्या कायद्यात दंडाधिकाऱ्यांचा मार्ग शिल्लक आहे, पण रस्त्यावरील व्यक्तीला रुग्णालयात नेण्यासाठी तो चोखाळण्याची गरज नाही.

व्यवहारात मी असे सुचवीन की 112 वर फोन करावा, आणि ठाण्यात जाणार असाल तर एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: ठिकाण, वर्णन, कोणत्या दिवशी किती वाजता ते वाहनांसमोर आले, आणि ‘कलम 100 अन्वये संरक्षण व वैद्यकीय तपासणी मिळावी’ ही विनंती. त्या कागदाची पोच घ्यावी. ठाणे अंमलदाराशी वाद घालून काही साधत नाही. दिवसभरात त्यांच्यासमोर इतकी माणसे येतात की लेखी कागद हाच त्यांच्यासाठीही सोयीचा असतो. पुलाच्या एका बाजूला रेल्वेची हद्द असेल तर ती आधी पाहून घ्यावी, कारण रेल्वे स्थानकाच्या आवारात लोहमार्ग पोलीस आणि बाहेर शहर पोलीस, अशी विभागणी असते आणि पायऱ्यांवर बसलेला माणूस कोणाचा, यावर तास-दोन तास सहज जातात.

अर्जात किंवा फोनवर ‘भिकारी’ हा उल्लेख मात्र टाळावा. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, 1959 महाराष्ट्रात अजूनही लागू आहे आणि त्या अन्वये होणारी कारवाई माणसाला रुग्णालयाऐवजी न्यायालय व भिक्षेकरी गृहाच्या वाटेवर नेते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. आपल्याकडे तसे झालेले नाही, त्यामुळे आपण तक्रार कोणत्या शब्दांत करतो यावर त्या माणसाची रवानगी कुठे होईल हे काही अंशी ठरते.

रुग्णालयात त्यांचा केसपेपर निघताना कागदपत्रे आणि पैसे हे दोन अडथळे येऊ शकतात. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 नुसार दारिद्र्यरेषेखालील, निराधार किंवा बेघर व्यक्तीला सर्व शासकीय संस्थांत मानसिक आरोग्याचे उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे; त्यासाठी शिधापत्रिका किंवा दाखला लागत नाही. नाव सांगता येत नसेल तर ‘अनोळखी पुरुष’ अशी नोंद होते. प्राण वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी तातडीचे उपचार कलम 94 खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत करू शकतो, मग नातेवाईक असोत वा नसोत. हे सर्व खरे असले तरी कॅज्युअल्टीतील परिस्थिती मी झाकून ठेवणार नाही. तिथे निवासी डॉक्टरांवर प्रचंड ताण असतो आणि अस्वस्थ, अस्वच्छ, सोबत कोणी नसलेला रुग्ण हा सर्वांनाच नकोसा असतो. म्हणून आपण किंवा आपल्यापैकी कोणी पहिले काही तास थांबावे, रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागाला कळवावे आणि ‘आम्ही नातेवाईक नाही, पण यांना वर्षभर ओळखतो’ असे सांगावे. बदल कधीपासून, दारू किंवा गर्द घेतात का, पडले होते का, फीट आली होती का, ही माहिती तपासणीइतकीच मोलाची असते आणि ती फक्त त्या पदपथावरच्या लोकांकडे असते.

सोसायटीतील ज्या रहिवाशांना त्यांना ‘उचलून न्यायला’ हवे आहे, त्यांची रात्रीची झोप जाते हे खरे आहे आणि त्यांना निर्दयी म्हणण्यात अर्थ नाही. पण उचलून नेण्याने प्रश्न सुटतो या समजुतीशी मी सहमत नाही. माझ्या मते बेघर व्यक्तीच्या बाबतीत संकटाचा सर्वांत अवघड टप्पा रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतर सुरू होतो. आठवड्याभराने किंवा महिन्याने ते शांत होऊन परततील तेव्हा त्यांची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली असेल, गाठोडे महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत गेलेले असेल, त्यात एखादे जुने ओळखपत्र किंवा गावाचा पत्ता असलेली चिठ्ठी असेल तर तीही गेलेली असेल, आणि हातात पंधरा दिवसांच्या गोळ्यांची पिशवी असेल. त्या गोळ्या पावसात भिजतात, चोरीला जातात. त्याहून गंभीर म्हणजे त्यांनी गाढ झोप लागते, आणि पदपथावर गाढ झोप लागणे धोक्याचे असते. स्त्रियांच्या बाबतीत तर हा धोका इतका मोठा आहे की रात्रीची गोळी न घेणारी बाई अनेकदा अत्यंत विचारपूर्वक ती टाळत असते. मनःस्थितीतील टोकाचे चढउतार आवरणारे लिथियमसारखे औषध, ज्याला भरपूर पाणी आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते, ते ऑक्टोबरच्या उन्हात पुलाखाली राहणाऱ्याला देताना डॉक्टरने दहादा विचार करायला हवा.

म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णापेक्षा या रुग्णाची योजना वेगळी असावी लागते. कायद्याचे कलम 98 रुग्णाला सोडण्यापूर्वी पुढील उपचारांची योजना आखायला सांगते. ती आखली आहे का, हे आपण विचारू शकता. दोन ते चार आठवडे परिणाम टिकणारे इंजेक्शन त्यांच्यासाठी योग्य आहे का, ते कोणत्या बाह्यरुग्ण विभागात कोणत्या वारी मिळेल, अंग ताठ होणे किंवा एका जागी बसवेनासे होणे हा त्याचा दुष्परिणाम दिसल्यास कोणाकडे जायचे, आणि त्यांना रात्र निवाऱ्यात जागा मिळेल का, हे प्रश्न त्या वेळीच विचारावेत. निवाऱ्याबाबत फार अपेक्षा ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असायला हवा. 2011 च्या जनगणनेतील सव्वा कोटीच्या मुंबईला त्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात आणि प्रत्यक्षातील सोय त्याच्या जवळपासही नाही. जे आहेत त्यांतही मानसिक आजार असलेल्याला घ्यायला चालक कचरतात. तरीही समाजसेवा विभागामार्फत विचारणा झाली तर वाट निघण्याची शक्यता वाढते.

कायद्यातील एका तरतुदीचा उपयोग फारच कमी होतो, ती मला आवर्जून सांगावीशी वाटते. कलम 14 नुसार प्रत्येक प्रौढ व्यक्ती स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असे बंधन नाही. साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. ते गृहस्थ सावरल्यावर त्यांची इच्छा असेल आणि टपरीवाल्याचीही तयारी असेल, तर तो टपरीवाला किंवा आपण स्वतः त्यांचे प्रतिनिधी होऊ शकता. पुढच्या वेळी रुग्णालयात ‘यांचे कोण?’ असे विचारले गेले तर त्याला कायद्याचे उत्तर तयार असेल. प्रतिनिधी होणे म्हणजे त्यांचा खर्च उचलणे किंवा त्यांना घरी नेणे नव्हे. उपचारांच्या निर्णयांत त्यांच्या बाजूने उभे राहणे एवढेच त्यात अपेक्षित आहे.

कुटुंबाचा शोध घ्यावाच, पण घाईने नाही. मुंबईच्या पदपथांवर सापडणारे कित्येक जण आजाराच्या भरात कुठल्या तरी गाडीत बसून हजार-दीड हजार किलोमीटर आलेले असतात आणि गावी त्यांना मृत समजून दिवसही घातलेले असतात. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने बोरिवली व कर्जत येथून अशा असंख्य लोकांना घरी पोहोचवले आणि 2018 साली वाटवानी यांना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामातील क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: आधी उपचार, मग माणूस स्वतःच गावाचे नाव सांगू लागतो, आणि मग प्रवास. उलट क्रमाने गेल्यास चुकीच्या पत्त्यावर किंवा नको असलेल्या घरी माणूस पोहोचतो. काही जण घरातील मारहाणीमुळे किंवा जमिनीच्या वादामुळे निघालेले असतात. म्हणून ‘घरी कळवू का?’ हा प्रश्न ते बऱ्या अवस्थेत असताना विचारावा आणि नकार मिळाला तर तो निमूटपणे ऐकावा.

पैशांविषयी आपण शेवटी विचारले आहे. मी रोख रक्कम देत नाही, विशेषतः गर्द किंवा दारूचा संशय असताना, पण देणाऱ्याला दोषही देत नाही. जेवण जरूर द्यावे, ठरलेल्या वेळी आणि शक्यतो एकाच माणसाच्या हातून. बराच काळ उपाशी राहिलेल्या व्यक्तीला एकदम पोटभर जेवण देऊ नये. आधी थोडे, पातळ आणि वारंवार. सध्या ते रुग्णालयात जातील तेव्हा त्यांचे गाठोडे एका गोणीत बांधून, त्यांच्यादेखत आणि त्यांना सांगून, टपरीच्या मागे किंवा आपल्या सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत ठेवावे आणि ते कुठे आहे हे त्यांच्या केसपेपरच्या मागे लिहून द्यावे. परत आल्यावर इंजेक्शनची पुढची तारीख टपरीवाल्याच्या उधारीच्या वहीत नोंदवून ठेवावी. आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर ओपीडीत कोण जाणार, हे सोसायटीच्या येत्या बैठकीतच नावानिशी ठरवावे.